बिल्ला नंबर बावन्न अजून आत आहे

ती. भाऊजींना धाकट्या मेहुणीचा वाकून नमस्कार (वाकणं कागदावरच समजा, कंबर अजून धरलेलीच आहे).

माझं पत्र बघून तुम्हाला आधी धास्ती वाटेल, कारण आपल्याकडे पत्र हल्ली कुणी लिहीत नाही आणि लिहिलं तर त्यात काहीतरी वाईट असतं. तसं काही नाही. फोन केला असता, पण फोन ताई उचलते, आणि मी चार वाक्यं बोलायच्या आत तिचं पाचवं सुरू होतं. शिवाय उभा जन्म बंबाच्या घंटेखाली बसून तुमच्या कानांचं जे काही व्हायचं ते झालेलं आहे. फोनवर तुम्ही सगळ्याला 'हो हो' म्हणता आणि नंतर ताईला विचारता की धाकटी काय म्हणत होती. या वेळी मला जे सांगायचंय ते ताईच्या तोंडून तुमच्यापर्यंत पोचावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. तेव्हा चष्मा लावा, खुर्ची खिडकीपाशी घ्या आणि पत्र शेवटपर्यंत वाचा. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता की ताईला दिसेल एवढेच करता? रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेत जा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, आणि मी तर ठीकपेक्षा बरीच वर आहे, ते आता सांगतेच.

थोरल्याच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर तुम्ही चौदा माणसांसमोर काय म्हणाला होतात ते तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही. तुम्ही म्हणालात, हिच्या वाचनकक्षाला आग लागली तर ही आगीलाही रांगेत उभी करेल. सगळे हसले. ताई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तोंडात घास होता आणि तुम्ही मोठे आहात. पण भाऊजी, आग लागली. आणि तुमच्या खात्यातल्या माणसाने, डोक्यावर शिरस्त्राण आणि तोंडाला काजळी अशा अवस्थेत, शंभरेक जणांसमोर माझ्याबद्दल जे काही सांगितलं ते मी पुढे शब्दशः लिहिणार आहे. ते तुम्ही ताईला मोठ्याने वाचून दाखवा. (त्यानंतरचं मात्र वाचून दाखवू नका.)

तुम्हाला माझं काम नक्की काय ते कधीच नीट कळलेलं नाही, तुम्ही लोकांना 'ती पुस्तकं देते' असं सांगता. मी पुस्तकं देत नाही. पुस्तकं देणारे वेगळे, ते खालच्या मजल्यावर बसतात आणि साडेचारलाच आवराआवर सुरू करतात. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुसऱ्या मजल्यावर वाचनकक्षाच्या दाराशी सामानाच्या खिडकीवर असते. वाचायला येणाऱ्याने पिशवी, छत्री, डबा, आणि आवाज करू शकेल अशी प्रत्येक वस्तू माझ्याकडे द्यायची. मी ती कप्प्यात ठेवते आणि त्या कप्प्याच्या नंबराचा पितळी बिल्ला देते. जाताना बिल्ला परत, पिशवी परत. माझ्यामागे एकशेवीस खिळ्यांची फळी आहे. ज्या खिळ्यावर बिल्ला नाही तो माणूस आत आहे, ज्यावर आहे तो आत नाही. मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्याही माझ्याचकडे. एकोणीस वर्षांत एक बिल्ला हरवला, तोही एका प्राध्यापकांनी घरी नेला आणि तो मी त्यांच्या घरी जाऊन आणला. माझ्या शिस्तीला लोक हसतात, पण रांग मोडायची कुणाची टाप नाही.

तर झालं असं, की गेल्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं. विद्यापीठाच्या आवारातली सुरक्षितता ही सर्वांची सामायिक जबाबदारी असून प्रत्येक विभागाने आपापला प्रतिनिधी नेमावा. आमच्याकडे सर्वांची जबाबदारी म्हटलं की कागद टेबलाटेबलावरून फिरतो, प्रत्येकजण त्यावर 'पाहिले' असं लिहितो आणि पुढे सरकवतो. तो कागद सात सह्या घेऊन ग्रंथपाल साहेबांकडे परत आला, पण प्रतिनिधी काही मिळाला नाही. मग बैठक झाली. त्या दिवशी मी दाढ काढायला गेले होते. भाऊजी, नोकरीत एक शिकून ठेवा (आता शिकून उपयोग नाही म्हणा), बैठकीला जो नसतो तो सर्वानुमते निवडून येतो. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन मी कामावर आले तर टेबलावर पिवळं जाकीट आणि नेमणुकीचं पत्र.

हे सगळं घडवून आणणारे गृहस्थ म्हणजे नवे सुरक्षा अधिकारी. मी त्यांना शिट्टी म्हणते (मनात), कारण त्यांच्या गळ्यात कायम एक शिट्टी आणि कमरेला वॉकीटॉकी असतो. उंच, ताठ, बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी मनगटावरचं घड्याळ बघणार. त्यांनी आल्याआल्या प्रत्येक खोलीच्या छताला धूर ओळखणारं यंत्र बसवून घेतलं. ग्रंथपाल साहेबांनी छताची शोभा जाते म्हणून हरकत घेतली होती, पण शिट्टीने दाद दिली नाही. हे मी त्यांच्या बाजूने आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल फारसं चांगलं लिहिणार नाहीये.

पहिली मॉक ड्रिल त्यांनी कुणाला न सांगता घेतली. घंटा वाजली. वाचनकक्षात शहाण्णव जण होते. ते शांतपणे उठले, खुर्च्या आत सरकवल्या आणि माझ्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. एकोणीस वर्षांची शिस्त, भाऊजी. कुणी धक्का दिला नाही, कुणी ओरडलं नाही. मी प्रत्येकाचा बिल्ला घेतला, तो फळीवर अडकवला, पिशवी दिली, पुढचा. एकाला दुसऱ्याची छत्री जात होती तीही मी पकडली. घंटा डोक्यावर ठणाणत होती, पण माझा हात एकदासुद्धा चुकला नाही. शेवटच्या माणसाची पिशवी देऊन, किल्ल्या खिशात टाकून मी खाली उतरले तेव्हा मला वाटलं की आता माझं कौतुक होणार. शिट्टी झाडामागून बाहेर आले (ते लपून वेळ मोजत होते) आणि त्यांनी मला स्टॉपवॉच दाखवलं. अडतीस मिनिटं. मी म्हटलं, शहाण्णव पिशव्यांना अडतीस मिनिटं म्हणजे फारच चांगलं आहे. त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहून घेतलं.

त्यांच्या अहवालात काय होतं माहीत आहे? 'दुसरा मजला : शहाण्णव मृत, अत्यंत शिस्तबद्ध रीतीने.' खाली माझं नाव. हा अहवाल आवारातल्या सगळ्या इमारतींना गेला. आठवडाभर लोक माझ्या खिडकीशी येऊन 'मृत आलाय, पिशवी ठेवा' असं म्हणत होते. तेही मी सहन केलं असतं. पण अहवालाच्या शेवटी शिफारस होती : सामानाची खिडकी बंद करावी, तळमजल्यावर कुलपाचे कप्पे बसवावेत, आणि संबंधित कर्मचाऱ्याची बदली परीक्षा विभागाच्या तळघरात करावी. तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. माणूस नाही, खिडकीही नाही. मी ग्रंथपाल साहेबांकडे गेले. ते म्हणाले की दोन महिन्यांनी दुसरी ड्रिल आहे, पाच मिनिटांत मजला रिकामा झाला तर बघू. साहेब 'बघू' म्हणतात तेव्हा त्यांनी आधीच बघितलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. घरी येऊन मी रडले, हे तुम्हालाच सांगते. पिशव्या सांभाळण्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्या खिडकीतून मी एकोणीस वर्षं लोकांना बघितलंय. परीक्षेच्या दिवसांत कोण न जेवता आलाय ते मला डब्याच्या वजनावरून कळतं.

मग मी कंबर कसली (डॉक्टरांचा पट्टाही लावलेला होता). प्रशिक्षणाला पहिल्या बाकावर बसले. दाराला तळहात लावायचा नाही, हाताची पाठ लावायची. धुरात उभं राहायचं नाही, खाली वाकून जायचं. लिफ्ट वापरायची नाही. आत कुणी राहिलं तर स्वतः परत जायचं नाही, बाहेर येऊन नेमकं सांगायचं. हे सगळं मी तुमच्याकडून जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की शिट्टीने प्रश्न विचारायच्या आधीच मी उत्तरं देत होते. शेवटी ते म्हणाले, बाई, इतरांनाही संधी द्या. मी म्हटलं, आगीत कोण संधी देतं? त्यावर वर्ग हसला आणि आमचं वैर पक्कं झालं.

खरी अक्कल मात्र मला बाइंडरदादांमुळे सुचली. बाइंडरदादा म्हणजे आमच्याच मजल्यावर, माझ्या खिडकीपासून दहा पावलांवरच्या खोलीत, मासिकांची बांधणी करणारे गृहस्थ. चाळीस वर्षं तेच काम. त्यांच्या हातचा कणा उसवलेला कुणी पाहिला नाही. आणखी चार महिन्यांनी ते निवृत्त होतील. मी त्यांच्याकडे रडगाणं गायला गेले, तर त्यांनी सुई खाली न ठेवताच विचारलं की लोक पिशवीसाठी थांबतात की बिल्ल्यासाठी. मी विचार केला. पिशवी मेली तरी चालेल, पण बिल्ला मला हवा होता, कारण बिल्ल्यावरून मला माणूस कळतो. म्हणजे बिल्ला खालीच घेता आला पाहिजे. त्यांनी आठ दिवसांत मला एक वस्तू करून दिली. बाहेरून बघाल तर मोठं थोरलं पुस्तक, कापडी बांधणी, वर मूठ. उघडलं की आत एकशेवीस कप्पे, प्रत्येकावर नंबर; न दिलेले बिल्ले आता फळीऐवजी यातच राहणार. घंटा झाली की पिशव्या जागेवर राहतील, प्रत्येकजण जिन्याने उतरून दारातल्या बादलीत बिल्ला टाकेल, आणि मी हिरवळीवर पुस्तक उघडून बिल्ले लावेन. मोकळा राहील तो कप्पा आत. यासाठी मी त्या मजल्यावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला, पिशवी असो नसो, बिल्ला द्यायला लागले. पंधरा दिवस वाचकांना तालीम दिली. 'बिल्ला बादलीत, पिशवी जागेवर' असं मी इतक्यांदा म्हटलं की घरी मुलगा मला पाणी देताना तेच म्हणायला लागला.

दुसरी ड्रिल गुरुवारी चार वाजता ठरली होती. सकाळी पावणेअकराच्या सुमारास मी दोन मिनिटं जागेवर नव्हते, तेवढ्यात शिट्टी बगलेत बॅग मारून थेट आत निघालेले मला दिसले. ड्रिलच्या आधी त्यांना मजल्याची पाहणी करायची होती. मी धावत येऊन त्यांना अडवलं. ते म्हणाले, मी सुरक्षा अधिकारी आहे. मी म्हटलं, म्हणूनच नियम पाळा. बॅग ठेवा, शिट्टी ठेवा, तो बोलणारा डबाही ठेवा, आत लोक वाचतायत. दहा मिनिटं आमची जुंपली होती. वाचनकक्षातून माना वर झाल्या. शेवटी शिट्टीने शिट्टी काढून माझ्या हातात दिली, तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. बावन्न नंबरचा बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला. ते ताडताड आत निघून गेले.

सव्वाअकराला घंटा वाजली. माझं डोकंच फिरलं. चार वाजता म्हणून सांगायचं आणि सव्वाअकराला वाजवायची, ही कुठली रीत? मी ठरवलं की याबद्दल लेखी तक्रार करायची, पण आधी ड्रिल जिंकायची. पुस्तक उचललं, 'बिल्ला बादलीत' म्हणून एकदाच ओरडले, आणि भाऊजी, माझी माणसं उठली ती थेट जिन्याकडे. एकानेही कप्प्याकडे बघितलं नाही. एक विद्यार्थिनी अनवाणी आली, तिने वाचताना चपला काढल्या होत्या, पण बिल्ला मात्र मुठीत. मी सगळ्यांत शेवटी उतरले. जिन्यात मला धुराचा वास आला, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ही ड्रिल नव्हे. चार मिनिटं दहा सेकंद. घड्याळ मीच लावलं होतं, कारण दुसऱ्याच्या घड्याळावर माझा विश्वास राहिलेला नव्हता.

हिरवळीवर मी पुस्तक उघडलं. समोर दुसऱ्या मजल्याच्या बांधणीच्या खोलीतून काळा धूर येत होता. पहिल्या ड्रिलनंतर माझ्या मदतीला दोन प्रतिनिधी नेमले होते, त्यातले मजल्याच्या पूर्वेचे म्हणाले, सगळे बाहेर. पश्चिमेचे म्हणाले, सगळे बाहेर. मी विचारलं, मागच्या बोळातल्या खोल्या कुणी बघितल्या? पूर्वेला वाटलं होतं पश्चिमेने बघितल्या, पश्चिमेला वाटलं पूर्वेने. दोघांनी एकमेकांवर विसंबून सही मात्र केलेली होती. मी बिल्ले लावत गेले. घंटा झाली तेव्हा अठ्ठ्याऐंशी लोकांच्या हातात होते. बादलीत सत्त्याऐंशी निघाले. बादली उलटी करून बघितली, हिरवळ चाचपली. मोकळा कप्पा एकच, बावन्न. मी जोरात म्हटलं, बावन्न अजून आत आहे. ग्रंथपाल साहेब म्हणाले, बावन्न कोण? मी म्हटलं, सुरक्षा अधिकारी. ते म्हणाले, छे, ते कुठेतरी झाडामागे घड्याळ धरून उभे असतील. आणि खरं सांगते, सगळ्यांना तेच वाटत होतं. दोघेजण झाडांमागे बघूनही आले. त्यांना वॉकीटॉकीवर बोलवायची सोय नव्हती, कारण तो माझ्या कप्प्यात होता. शिट्टी वाजवून हाक मारायची त्यांनाही सोय नव्हती.

माझे पाय आपोआप दाराकडे वळले. तीन पायऱ्या मी चढलेसुद्धा. मग तुमचं ते जेवणातलं वाक्य आठवलं, की परत आत धावणारा शूर माणूस म्हणजे आमच्यासाठी शोधायचा आणखी एक माणूस. मी उतरले. ती जी सहा मिनिटं मी पुस्तक छातीशी धरून उभी होते, तेवढी मोठी सहा मिनिटं मी आयुष्यात पाहिलेली नाहीत. पण त्या वेळात मी डोकं चालवलं. पाहणीला आलेला माणूस, हातात यादी, यादीत दारं. आमच्या मजल्यावर एकच दार असं आहे की जे बघायला शिट्टी हटकून जाणार : बोळाच्या टोकाची जुन्या वर्तमानपत्रांची खोली, जिला दिवसा कुलूप नसतं, जिचं दार आपोआप बंद होतं आणि जिची आतली मूठ गेल्या पावसाळ्यात निखळली. त्या मुठीसाठी मी तीन अर्ज केलेत. तिन्हींवर 'पाहिले' असं लिहून आलंय.

बंब आला. पुढे झालेल्या जवानाला मी एका दमात सांगितलं : एक माणूस, दुसरा मजला, जिना चढून डावीकडे, बोळाचं शेवटचं दार, बाहेरच्या बाजूला उघडतं, आत मूठ नाही, आग उजव्या हाताच्या तिसऱ्या खोलीत. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो गेला. तीन मिनिटांत त्यांनी शिट्टीला दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. दार आपोआप बंद होतं की नाही हे तपासायला ते आत गेले होते, आणि ते झालं होतं. दाराखालच्या फटीला त्यांनी वर्तमानपत्रं कोंबली होती म्हणून धूर कमी शिरला, एवढं शिक्षण मात्र त्यांनी स्वतःचं वापरलं. खोकून खोकून डोळे लाल, पण शुद्धीत. आणि आता तो जवान काय म्हणाला ते. तो म्हणाला, "बाई, तुम्ही नेमकं सांगितलंत म्हणून. नाहीतर आम्ही तीन मजले शोधत बसलो असतो, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. कुणाकडे शिकलात हे?" मी तुमचं नाव सांगितलं, भाऊजी. तुमच्या हाताखाली नोकरीला लागलेले कुणीतरी त्याचे साहेब होते म्हणे. त्याने तिथल्या तिथे टाचा जुळवून मला सलाम ठोकला. तो अर्थातच तुम्हाला होता, पण घेतला मी.

शिट्टी गवतावर बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन हात पुढे केला. त्यांनी मूठ उघडली, आत बिल्ला. घामाने ओला झालेला. मी तो कप्प्यात घातला, पुस्तक मिटलं, आणि मग मला रडू कोसळलं. ते म्हणाले की बाई, माझी बॅग मिळेल का? मी म्हटलं, उद्या, कामाच्या वेळेत.

त्यानंतरचं सगळं म्हणजे माझी मिरवणूकच आहे. आग बांधणीच्या खोलीतच विझली. एक टेबल, पडदा आणि दोन गठ्ठे गेले. खिडकी कायम राहिली. बदलीचा कागद ग्रंथपाल साहेबांनी माझ्यासमोर फाडला (फाडताना ते इतके गंभीर होते की जणू तो दुसऱ्याच कुणी काढला होता). शिट्टीने नवीन अहवाल लिहिलाय, त्यात 'बिल्ला पद्धत' असं शीर्षक देऊन दोन पानं आहेत, आणि आता आवारातल्या चौदाही इमारतींत माझ्या पुस्तकासारखी पुस्तकं होणार आहेत. परवा ते स्वतः माझ्या खिडकीशी आले, न सांगता शिट्टी काढून ठेवली आणि बिल्ल्यासाठी हात पुढे केला. वर्तमानपत्रांच्या खोलीला नवी मूठ बसली. पुढच्या सोमवारी (येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या) अकरा वाजता मोठ्या सभागृहात कुलगुरूंच्या हस्ते मला प्रशस्तिपत्र आहे. तुमच्याकडे माझं काही मागणं नाही. फक्त थोरल्याच्या लग्नातलं ते वाक्य मागे घ्या, जमल्यास त्याच चौदा माणसांसमोर.

ताईला सांगा की मी तिच्यावर रागावलेली नाही, पण तिने इतकं हसायला नको होतं. पथ्य सांभाळा.

सदैव तुमचीच, आणि हल्ली जरा तोऱ्यातच असलेली,
धाकटी

ता. क. आगीच्या कारणाची चौकशी चालू आहे. बांधणीच्या खोलीत सरस गरम करायची विजेची शेगडी असते, ती चालू राहिली असं निघालंय. बाइंडरदादा सकाळी दहाला सरस तापवतात, आणि त्या दिवशी ते सव्वादहाला रक्ततपासणीसाठी दवाखान्यात गेले होते. त्यांना नोटीस आली आहे. त्यांनी उत्तर काय द्यावं? 'मी बंद केल्याचं मला आठवतं, पण या वयात माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही.' चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक टाका चुकला नाही, भाऊजी. आता संध्याकाळी घरी जायला निघाले की ते जिन्यातून परत येतात आणि बटणं बघतात. काल तीनदा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला म्हणाले, बाई, तुम्ही जरा बघता का, मला दिसतंय ते खरं आहे ना.

ता. क. दुसरा. शेगडी त्यांनी बंदच केली होती. साडेदहा वाजून गेल्यावर मी ती चालू केली. माझ्या पुस्तकातल्या सात आणि एकोणतीस या दोन नंबरांच्या चिकटवलेल्या चिठ्ठ्या सुटत होत्या, दुपारी ड्रिल, म्हणून मी त्यांच्या खोलीची किल्ली घेऊन आत गेले आणि सरस तापत ठेवला. तेवढ्यात दारातून शिट्टी बॅग घेऊन जाताना दिसले आणि मी भांडायला धावले. भांडणात मी जिंकले आणि शेगडी विसरले. किल्ल्यांच्या वहीत प्रत्येकाची नोंद मी करते, त्या दिवशी माझी स्वतःची केली नाही, म्हणून मला कुणी काही विचारलं नाही. हिरवळीवरून धूर कुठल्या खिडकीतून येतोय ते बघितलं तेव्हाच मला सगळं कळलं. त्या तीन पायऱ्या मी चढले ते शौर्य नव्हतं. आज नऊ दिवस झाले, मी कुणाला सांगितलेलं नाही. एवढं लांबलचक पत्र लिहिलं ते खरं म्हणजे इथपर्यंत येण्यासाठी.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. सोमवारी मी व्यासपीठावर जाणार आहे. बिल्ल्यांचं श्रेय मी सोडणार नाही, ते माझंच आहे. आगही माझीच आहे, आणि तेही मी तिथेच, त्याच माईकवर सांगणार आहे. मग ते प्रशस्तिपत्र देतात की तळघर देतात ते त्यांचं त्यांनी ठरवावं. तुम्ही या. सत्कार घ्यायला मी एकटी पुरते, पण कबुली द्यायला घरचं माणूस समोर लागतं, आणि तुम्ही जन्मभर लोकांना त्यांच्याच आगीतून बाहेर काढलंय. पहिल्या रांगेत बसा, काही बोलू नका. ताईला आणलंत तरी चालेल, पण तिला आधी काही सांगू नका. बाइंडरदादांना मात्र सोमवारपर्यंत थांबवणं बरोबर नाही. पाकीट चिकटवून पेटीत टाकते आणि तिथून सरळ त्यांच्याच घरी जाते.